‘मला येतच नाही’ म्हणणाऱ्या मुलाशेजारी बसताना

मुले ‘मी निराश झालो आहे’ असे म्हणत नाहीत. ती पाणी प्यायला उठतात. पेन्सिलीचे टोक मोडते, मग शार्पनर सापडत नाही, मग बाईंनी हे शिकवलेच नव्हते असे आठवते, आणि या सगळ्या वाटा कोणी अडवल्याच तर वही मिटली जाते आणि ‘मला गणित येतच नाही’ असे जाहीर होते. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून साताऱ्यातल्या आमच्या घरी संध्याकाळी पेठेतली काही मुले अभ्यासाला येऊन बसतात. फी नाही, हजेरी नाही. घरून कोणी डब्यात खाऊ आणला असेल तर तो सगळ्यांनी वाटून खायचा, एवढाच काय तो नियम. या मुलांशेजारी बसून माझे एक मत पक्के होत गेले आहे. एखाद्या मुलाच्या अंगी चिकाटी आहे की नाही यावर आपण घरात पुष्कळ बोलतो, पण ते मूल जिथे अडते त्या पाच-दहा मिनिटांत शेजारचा मोठा माणूस नेमके काय करतो, याकडे मात्र आपले लक्ष नसते. माझ्या अनुभवात बहुतेक गोष्टी त्या पाच-दहा मिनिटांतच ठरतात.

उदाहरण म्हणून पाचवीचे भिन्नच्छेद अपूर्णांक घेते, कारण मुले हटकून अडतात अशी ती जागा आहे. चौथीपर्यंत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशा चाकोरीतून आलेले मूल इथे पहिल्यांदाच अशा ठिकाणी पोचते, की जिथे आजवर उपयोगी पडलेली सवयच त्याला फसवते. १/२ + १/३ ही बेरीज दिली की पुष्कळ मुले वरचे वर आणि खालचे खाली मिळवून २/५ असे उत्तर लिहितात. हा निष्काळजीपणा नाही. एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक मांडून मिळवायचे, ही शिस्त त्यांनी इतक्या मेहनतीने अंगी बाणवलेली असते, की त्याच शिस्तीने ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात. म्हणजे ज्या गोष्टीला काल शाबासकी मिळाली तिच्यावरच आज लाल फुली येते. मुलाला फुली दिसते, तिचे कारण दिसत नाही. अशा काही फुल्यांनंतर ते प्रयत्न सोडते, तेव्हा त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. आपण काहीही केले तरी उत्तर चुकणारच, असा निष्कर्ष त्याने काढलेला असतो आणि त्याच्या हाती असलेल्या पुराव्यावरून तो निष्कर्ष तर्कशुद्धच असतो.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे १९६७ सालचे प्रयोग यासंदर्भात नेहमी सांगितले जातात. जो त्रास आपल्या कोणत्याही हालचालीने थांबत नाही असा त्रास सोसलेली कुत्री, पुढे सुटकेचा मार्ग उघडा असतानाही जागची हलली नाहीत, आणि असहायता ही शिकली जाते असा अर्थ त्यावरून पुढे कित्येक वर्षे लावला गेला. परंतु त्याच दोघांनी २०१६ साली, मेंदूवर मधल्या काळात झालेल्या संशोधनाच्या आधाराने, आपला सिद्धान्त उलटा फिरवला. दीर्घ त्रासात गप्प पडून राहणे हा प्राण्याचा मूळ स्वभावच आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावी लागते ती ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ ही जाणीव, असे त्यांनी मांडले. आपला पन्नास वर्षांचा सिद्धान्त स्वतःच दुरुस्त करणारे संशोधक विरळाच, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्याचे व्यावहारिक टोक. मुलाच्या मनातून निराशा काढून टाकण्याच्या मागे लागण्यापेक्षा, त्याच्या हालचालीने काहीतरी बदलले असे त्याला आज, या गणितात, दिसेल अशी व्यवस्था करावी लागते.

ही व्यवस्था सर्वांत आधी मोडते ती मोठ्यांच्या हाताने. दृश्य सगळ्या घरांतले आहे. मूल अडलेले असते, आईला कुकर लावायचा असतो किंवा बाबांना फोन आलेला असतो, ते मायेने म्हणतात, ‘आण इकडे, दाखवते,’ पेन्सिल मुलाच्या हातातून त्यांच्या हातात जाते, लसावि काढला जातो, छेद समान होतात, उत्तर ५/६ येते आणि ‘कळलं ना?’ या प्रश्नाला मान हलते. वही पूर्ण होते. मुलाला त्यातून कळते ते इतकेच, की अडल्यावर पेन्सिल सोडली की काम होते. ज्युलिया लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला, चार-पाच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास नेमका यावरच आहे. अवघड कोडे सोडवताना ज्या मुलांचे काम मोठ्यांनी हातात घेऊन पुरे केले, त्या मुलांनी त्यानंतरच्या अवघड कामावर इतर मुलांपेक्षा कमी वेळ तग धरला. आमच्याकडे यासाठी एक कडक नियम आहे: मुलाच्या वहीत मुलाखेरीज कोणी लिहायचे नाही. मीही नाही, आणि उत्साहाने मदतीला धावणारी सातवीतली ताई तर मुळीच नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे गप्प बसायचे, आणि ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. मूल वहीकडे बघत बसलेले असते तेव्हा त्याच्या डोक्यात काही चालले आहे की ते खिडकीतल्या कबुतराचा विचार करते आहे, हे बाहेरून कळत नाही, आणि पालकांना ती शांतता अजिबात सोसत नाही. थोडा वेळ जाऊ दिल्यावर मी गणित मोठ्याने वाचायला सांगते. कितीतरी वेळा वाचतानाच काही सापडते. नाही सापडले तर उत्तराविषयी विचारते, रीतीविषयी नाही: ‘हे उत्तर अर्ध्याहून मोठं येईल की लहान?’ इथे २/५ लिहिलेले मूल थबकते. मी त्याला कागदाची एक पट्टी देते, तिच्या घड्या घालून सहा सारखे भाग करायला लावते, अर्धी पट्टी रंगवायला सांगते, म्हणजे तीन भाग होतात, मग एक तृतीयांश दुसऱ्या रंगाने, म्हणजे दोन भाग. पाच भाग रंगलेले समोर दिसतात. ‘तुझं उत्तर दोन पंचमांश. ते तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी ठेवली आणि भाकरी कमी झाली होय रे?’ यावर मुले हमखास हसतात. त्या हसण्याने चूक ही स्वतःच्या नालायकीचा पुरावा राहत नाही, ती एक गंमतशीर वस्तू होते, जी टेबलावर ठेवून सगळ्यांना मिळून बघता येते.

तरीही सहा भागच का, हे कोडे उरतेच आणि ते मी सोडवून देत नाही. तिथे जर मूल पुन्हा अडले तर वेगळ्या कागदावर त्याच जातीचे दुसरे उदाहरण, समजा २/३ + १/४, मी सोडवते आणि सोडवताना मोठ्याने बोलते. तीनच्या पाढ्यातही येते आणि चारच्या पाढ्यातही येते अशी संख्या कुठली, सहा चालेल का, नाही, सहाला चारने नि:शेष भाग जात नाही, नऊ नको, बारा चालेल, असे चाचपडत जाते. मग तो कागद पालथा घालून मूल पुन्हा आपल्या बेरजेकडे वळते. यात वेळ जातो हे खरेच. एका गणिताला कधी पाऊण तास लागतो, आणि उरलेला गृहपाठ तसाच राहतो. शाळेत त्यावरून बोलणी बसू नयेत म्हणून मी वहीच्या समासात ‘एवढेच झाले, उरलेले उद्या’ असे लिहून सही करते. वहीत न लिहिण्याच्या नियमाला तेवढा एक अपवाद. बहुतेक शिक्षक ते समजून घेतात.

मदत करताना एक वाक्य मात्र मी कटाक्षाने टाळते, ते म्हणजे ‘अरे, किती सोपं आहे हे!’ धीर देण्याच्या हेतूनेच आपण ते बोलतो, पण मुलाच्या बाजूने ऐकून पाहावे. गणित सुटले तर सोपेच होते, त्यात कौतुक कसले. आणि सुटले नाही तर एवढे सोपेही आपल्याला जमले नाही. दोन्हीकडून तोटाच. त्याऐवजी ‘हे अवघड आहे, पाचवीत बहुतेक जण इथंच अडतात’ असे सांगितले तर ते खरेही असते आणि मुलाला एकटेही वाटत नाही. अवघडाला अवघड म्हणण्यात मूल घाबरते असा समज आहे, मला तसे कधी दिसले नाही. घाबरवते ते अडचण आणि शरम यांचे एकत्र येणे.

कौतुकाचीही एक भानगड आहे. आपल्याकडे पाहुण्यांसमोर ‘आमचा फार हुशार आहे हो’ म्हणण्याची पद्धत आहे आणि मूल खाली मान घालून ते ऐकत असते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ सालचा पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास आता बराच प्रसिद्ध आहे. मुलांनी कोड्यांचा पहिला संच सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, काहींना ‘तू कष्ट घेतलेस’ असे सांगितले. मग मुद्दाम फार अवघड संच दिला आणि त्यानंतर पहिल्यासारखाच एक संच पुन्हा दिला. हुशार म्हटलेल्या मुलांची शेवटच्या संचातली कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, कष्टाळू म्हटलेल्यांची सुधारली. पण मला त्यातली खरी चटका लावणारी गोष्ट वेगळी वाटते. न पाहिलेल्या दुसऱ्या मुलांना आपले गुण लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी दहात जवळपास चार मुलांनी ते वाढवून लिहिले. हुशारीचे बिरुद एकदा लागले की ते राखावे लागते, आणि न जमणारी गोष्ट हाती न घेणे हा ते राखण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो.

हे वाचून आता पालक ‘व्वा, छान प्रयत्न केलास’ असे उठता-बसता म्हणू लागले आहेत आणि त्याचाही मला कंटाळा आहे. मुलाने तीनदा २/५ च लिहिले असेल तर प्रयत्न छान झालेला नाही, आणि ते त्यालाही ठाऊक असते. पोकळ शाबासकी दिली की मोठ्यांचे कौतुक हे हवामानासारखे आपोआप येते-जाते, असे मूल समजून चुकते. त्यापेक्षा काय बदलले ते नेमके सांगावे. ‘काल तू छेद बघताच मिळवून टाकत होतास, आज थांबून दोन्ही छेद पाहिलेस,’ एवढे पुरते. ते खरे असले पाहिजे, आणि त्यासाठी काल त्याने काय केले होते हे आपल्या लक्षात असले पाहिजे. या प्रकारचे कौतुक महाग पडते ते यामुळेच.

कालचे काम लक्षात राहावे म्हणून आमच्याकडे कच्ची वही असते आणि तिच्यात खोडरबर चालत नाही. चुकले तर त्यावर एक तिरकी रेघ मारायची आणि खाली पुन्हा मांडायचे. खोडरबरावर माझा विशेष राग आहे, कारण आज मुले कागद फाटेपर्यंत खोडतात, जणू चूक कोणी पाहिली तर पोलीस येतील. पाटीच्या काळात हे वेगळे होते, पाटीवर चूक करायला काहीच लागत नसे, फडके फिरवले की झाले. वही आली, वहीला गुण आले, सुवाच्य अक्षराला गुण आले आणि चूक महाग झाली. कच्च्या वहीत चूक स्वस्त असते आणि शिवाय ती टिकून राहते. एखादा दिवस फार वाईट गेला की मी मुलाला महिनाभर मागची पाने उलटायला लावते. ज्या गणितांनी तेव्हा रडवले होते ती आता त्याला बघताक्षणी येत असतात. तू सुधारलास, असे माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या अक्षरातला तो पुरावा मुले चटकन मानतात.

दुसऱ्या कोणाची धडपड डोळ्यांसमोर पाहायला मिळणे, हेही फार मोलाचे असते. लेनर्ड यांचाच २०१७ सालचा एक अभ्यास सुमारे सव्वा वर्षाच्या बाळांवरचा आहे. डब्यातून खेळणे काढताना मोठा माणूस बराच वेळ झटतो आणि शेवटी त्याला ते जमते, असे ज्या बाळांनी पाहिले, त्यांनी नंतर स्वतःच्या हातातल्या खेळण्याचे न चालणारे बटण अधिक वेळा दाबून पाहिले; ज्यांनी सहजासहजी काम होताना पाहिले त्यांनी लवकर सोडले. बोलताही न येणारी बाळे हे टिपतात, मग पाचवीतल्या मुलांचे काय सांगावे. आपण मोठे मात्र मुलांसमोर सगळे आधी सोडवून, नीट करून मांडतो. मी हल्ली मुद्दाम वर्तमानपत्रातले शब्दकोडे मुलांसमोर सोडवते आणि अडले की अडले म्हणते. ‘बाईंना पण येत नाही,’ याचा मुलांना जो आनंद होतो तो काही औरच.

थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगाव्यात की नाही, असा प्रश्न मला पालक विचारतात. साताऱ्यात राहून मला धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट आठवणे साहजिक आहे. दापोलीजवळच्या मुरुडहून हा मुलगा सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी आला आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असे म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे हेच कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ ते १९१४ गणित शिकवत होते, महर्षी म्हणून ओळखले गेले आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. गोष्ट उत्तम आहे आणि मी ती सांगते, पण एखाद्या निवांत दुपारी, खाऊ खाताना. वही मिटून डोळे पुसत बसलेल्या मुलाला ती सांगणे म्हणजे त्याचे दुःख किरकोळ आहे असे सुचवणे. त्या क्षणी त्याला महर्षी व्हायचे नसते, त्याला ती बेरीज करायची असते. शिवाय आपण या गोष्टी शेवटाकडून सांगतो. मूल ऐकते तेव्हा भारतरत्न आधीच मिळून गेलेले असते. साताऱ्याहून तसेच परत चालत जाणाऱ्या मुलाला पुढचे काहीच माहीत नव्हते, ही त्यातली खरी बाब राहून जाते.

एक साधी गोष्ट सगळ्यांत आधी बघायला हवी होती, ती म्हणजे भूक आणि झोप. सकाळी व्हॅनने गेलेले मूल दुपारी येते, लगेच एका क्लासला जाते, मग दुसऱ्या क्लासला, आणि साडेसातला जेव्हा ते अपूर्णांकांपुढे रडते तेव्हा आपण त्याच्या चिकाटीची चिंता करतो. आधी त्याला शेंगदाण्याचा लाडू द्यावा. शिष्यवृत्तीच्या तयारीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. दर रविवारी एक सराव प्रश्नपत्रिका, तिचे गुण पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आणि खाली इतरांच्या मुलांचे गुण. अवघड गोष्टींची सवय व्हावी म्हणून हे असते म्हणे. पण ज्या मुलाला दहापैकी दोनच जमतात त्याला रोज दहा दिल्याने ते कणखर होत नाही, ते अंदाजपंचे पर्याय रंगवायला शिकते. मी अशा मुलाला मागे नेते, दहात सहा-सात जमतील इतके मागे, लागल्यास तिसरीच्या पुस्तकापर्यंत, आणि तिथून पुन्हा चढते. पालकांना ही पीछेहाट वाटते. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, महिनाभर थांबा एवढेच सांगते.

मनोवृत्ती बदलली की सगळे बदलते, असे सांगणाऱ्या कार्यशाळा आणि भिंतीवरचे तक्ते यांच्याविषयी मी थोडी साशंक आहे. अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी केलेला मोठा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. बुद्धी वाढू शकते असे समजावणारा, तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ घेतल्यावर मागे असलेल्या मुलांची श्रेणी चारपैकी सरासरी ०.१ ने वाढली. परिणाम खरा आहे, पण लहान आहे, आणि जिथे बरोबरची मुलेही अवघड गोष्टी हाती घेत होती अशा शाळांत तो जास्त दिसला. पाऊण तास एका बेरजेपाशी बसायला कोणी तयार नसेल तर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे भिंतीवर किती सुंदर अक्षरात लिहिले आहे याने फारसा फरक पडणार नाही.

यावर, ज्यांना स्वतःलाच अपूर्णांक येत नाहीत आणि संध्याकाळी वेळही नसतो अशा आईवडिलांनी काय करावे, असे कोणी विचारेल. माझे निरीक्षण जरा उलटे आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीची आई मंडईत भाजी विकते, तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. ती रात्री भाजीच्या जुड्या बांधत बसते आणि मुलीला म्हणते, ‘मला सांग तुझं काय चाललंय ते.’ तिला गणित येत नसल्याने ती पेन्सिल हातात घेऊच शकत नाही. मुलगी समजावत जाते, आईला पटत नाही, ती ‘असं कसं?’ म्हणते, मुलगी पुन्हा मांडते आणि मांडता मांडता स्वतःची चूक तिलाच सापडते. पदवीधर आईवडिलांना हे जमणे फार कठीण जाते, कारण त्यांना उत्तर माहीत असते. एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सुमारे सातशे मुलांचा कित्येक वर्षे मागोवा घेतला. त्यांतली जी मुले गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढली, त्यांच्यापैकीही साधारण एक तृतीयांश पुढे धडधाकट, जबाबदार माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आढळलेली गोष्ट म्हणजे त्यांच्यावर जीव लावणारे निदान एक तरी भरवशाचे माणूस. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कोणीही. त्या माणसाला लसावि यायला हवा अशी अट कुठेच नव्हती.

मोठ्या मुलांविषयी थोडे सांगायला हवे. दहावीत एखादा विषय राहिला तर राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते, आणि निकालाच्या दिवशी घरात बोलायची पहिली गोष्ट तीच असावी, इतर हिशेब नंतर. परंतु मूल आठवडेच्या आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलत असेल, तर हा चिकाटीचा प्रश्न राहिलेला नसतो आणि तिथे माझ्यासारख्या शिक्षकाने शहाणपण चालवू नये. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला प्रश्न सोडून देण्याचा. काही गोष्टी मुलांनी सोडाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त ज्या दिवशी फजिती झाली त्याच दिवशी निर्णय घ्यायचा नाही, भरलेल्या फीचा महिना किंवा चालू पायरी पुरी करायची आणि मग शांतपणे ठरवायचे. सहावीतली एक मुलगी दर शनिवारी अॅबॅकसच्या क्लासला रडत जायची. चालू पायरी संपेपर्यंत ती गेली, परीक्षा दिली आणि मग आईवडिलांनी तिला क्लास सोडू दिला. आता ती त्या वेळेला खो-खोच्या मैदानावर असते. तिथे खांबाशी वळताना तिचे गुडघे फुटतात, ती वारंवार बाद होते, संघात तिची निवड अजून झालेली नाही आणि ती एकदाही रडलेली मी पाहिलेली नाही. अॅबॅकसच्या उरलेल्या पायऱ्यांबद्दल तिच्या आईला अजून हळहळ वाटते. मला वाटत नाही.